डर्बी हुकलेला लॉर्ड

लॉर्ड बेंटिंक हे नाव आपल्याला शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात भेटते. १८२९ साली सतीच्या चालीवर कायद्याने बंदी घालणारा गव्हर्नर जनरल, विल्यम बेंटिंक. १८२८ साली हे विल्यमसाहेब कारभार हाती घ्यायला हिंदुस्थानात आले आणि ब्रिटिश पार्लमेंटातील किंग्ज लिन मतदारसंघाची त्यांची जागा रिकामी झाली. त्या जागेवर निवडून गेला त्यांचा सव्वीस वर्षांचा पुतण्या, लॉर्ड जॉर्ज बेंटिंक. काकांचे नाव हिंदुस्थानच्या इतिहासात गेले, पुतण्याचे घोड्यांच्या शर्यतींच्या. इंग्लंडच्या टर्फवर पैसे लावणारे लाखो होऊन गेले असतील. पण बुकींनी ज्याचा धसका घेतला असे थोडेच. जॉर्ज त्यांपैकी एक.

रेसचा नाद म्हटला की आपल्याकडच्या घरांत आजही कपाळाला आठ्या पडतात आणि त्या उगाच नाहीत. घोड्यांपायी दागिने गहाण पडलेली कुटुंबे मुंबई-पुण्याला नवी नाहीत. म्हणूनच या नादात पडूनही बुडाला नाही अशा माणसाने नेमके काय केले आणि त्याची काय किंमत मोजली, हे पाहण्यासारखे आहे.

ड्यूकचा धाकटा मुलगा

जॉर्जचा जन्म २७ फेब्रुवारी १८०२ चा. वडील पोर्टलंडचे चौथे ड्यूक. इंग्लंडात किताब आणि जहागीर थोरल्याकडे जाते. धाकट्यांनी सैन्यात, चर्चमध्ये किंवा राजकारणात नशीब काढायचे. जॉर्ज घोडदळात शिरला, वरिष्ठांशी भांडला, तिथून निघाला. मग जॉर्ज कॅनिंग या मातब्बर मुत्सद्द्याचा खासगी चिटणीस झाला. कॅनिंग हे त्याच्या मावशीचे यजमान. १८५७ च्या धामधुमीत हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल असलेला आणि पुढे पहिला व्हाइसरॉय झालेला लॉर्ड कॅनिंग हा त्यांचाच मुलगा. म्हणजे जॉर्जचा मावसभाऊ.

वडिलांनाही घोड्यांचा षोक होता. १८१९ ची एप्सम डर्बी त्यांच्या ‘टायरेसियस’ने जिंकली होती. डर्बी म्हणजे तीन वर्षांच्या घोड्यांची सर्वांत मानाची शर्यत. आपल्या महालक्ष्मीवर १९४३ पासून धावणाऱ्या इंडियन डर्बीनेही नाव घेतले ते तिचेच. पण ड्यूकना घोडा आवडे, सट्टा नाही. मुलाचे उलटे. १८२६ च्या सेंट लेजर शर्यतीत जॉर्जने वीस हजार पौंडांहून अधिक रक्कम घालवली. घरच्यांनी देणे भागवले आणि पुन्हा पैसे न लावण्याची तंबी दिली. पोराने ऐकले नाही. एवढेच केले, की वडिलांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून आपले घोडे मित्रांच्या आणि ट्रेनरच्या नावावर पळवू लागला.

आधी भाव, मग घोडा

त्या मोठ्या फटक्यानंतर जॉर्जने नशिबावर हवाला ठेवणे सोडले. त्याची रीत समजायला अवघड नाही. सामान्य खेळणारा विचारतो, कोणता घोडा येणार? जॉर्ज विचारी, त्याचा भाव काय आहे? उत्तम घोडासुद्धा भाव पडलेला असेल तर त्याच्या लेखी वाईट सौदा होता, आणि बऱ्यापैकी घोड्यालाही भाव चढा मिळत असेल तर तो चांगला. हे जमण्यासाठी घोड्याची खरी ताकद इतरांपेक्षा आपल्याला जास्त ठाऊक हवी. म्हणून त्याने स्वतःची पागा उभारली. पहाटेच्या धावा, पायांची सूज, कोण कोणाला किती वजन देऊन हरवतो, सगळ्यावर त्याची नजर असे. आणि कळलेली गोष्ट तो बाहेर फुटू देत नसे.

या रीतीचा कळस १८३६ साली झाला. त्याचा ‘एलिस’ हा घोडा सेंट लेजरसाठी नोंदवला होता. शर्यत उत्तरेला डॉनकास्टरला, घोडा दक्षिण इंग्लंडात. अंतर दोनशे मैलांहून अधिक. त्या काळी शर्यतीचा घोडा मुक्काम करत पायी चालतच जाई. एवढ्या वाटचालीला दोन आठवडे लागत. शर्यत काही दिवसांवर आली तरी एलिस दक्षिणेतच आहे, अशी खबर बुकींच्या माणसांनी दिली. म्हणजे हा धावत नाही! भाव चढत गेला. मनासारखा भाव मिळाल्याखेरीज घोडा धावणार नाही, असे जॉर्जने बजावले होते. एकास बारा मिळाला, तेव्हा त्याने पैसे लावले.

आणि मग एक अजब गाडी रस्त्याला लागली. लंडनच्या एका गाडी-कारागिराकडून त्याने घोड्यांसाठी चाकांवरची खोलीच बांधून घेतली होती. आतून गाद्या लावलेल्या, ओढायला टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे. एलिस आणि त्याचा सोबती आत उभे राहून रोज सुमारे ऐंशी मैल कापत गेले. वाटेत लिचफील्डला पाय मोकळे करण्यापुरती एक धाव. तिसऱ्या दिवशी एलिस डॉनकास्टरला ताजातवाना उतरला आणि त्याने सेंट लेजर जिंकली. घोडा गाडीतून नेण्याचा एखादा प्रयोग आधी झाला होता. पण त्याचा असा उपयोग कोणाला सुचला नव्हता.

दुसरे उदाहरण १८४३ च्या डर्बीचे. ‘गेपर’ या आपल्या घोड्यावर त्याने इतके लावले होते, की तो आला असता तर दीड लाख पौंड पदरात पडले असते. गेपर हरला. पण धोका ओळखून जॉर्जने ‘कॉदरस्टोन’ या प्रतिस्पर्धी घोड्यावरही पैसे लावून ठेवले होते. कॉदरस्टोन जिंकला आणि आपला घोडा हरूनही हा गृहस्थ सुमारे तीस हजार पौंड घेऊन घरी गेला. हरल्यावर काय, याचा हिशेब त्याने आधीच केलेला असे.

अर्थात, हे सारे करायला पागा लागते, ट्रेनर लागतात आणि पडलो तर उचलायला ड्यूकचे घर लागते. घोड्याबद्दल जॉर्जला जे माहीत होते ते ज्याला माहीत नव्हते, त्याच्याच खिशातून हा पैसा येत होता. फाटकाबाहेर छापील पुस्तिका चाळणाऱ्याने हे विसरू नये.

चोर पकडणारा

जॉर्ज साधुपुरुष नव्हता. आतेभाऊ आणि पागेतला भागीदार चार्ल्स ग्रेव्हिल याच्याशी ‘प्रिझर्व्ह’ या घोडीवरून त्याचे इतके बिनसले, की वर्षानुवर्षे अबोला राहिला. जॉर्जच्या टर्फवरल्या वागण्याबद्दल ग्रेव्हिलने रोजनिशीत कडक लिहून ठेवले आहे. दुसऱ्याच्या नावावर घोडे पळवणाऱ्याने सचोटीच्या गोष्टी कराव्यात, हे अनेकांना खटके. स्क्वायर ऑझबल्डस्टन या नाणावलेल्या नेमबाजावर त्याने लबाडीचा ठपका ठेवला आणि प्रकरण पिस्तुलांच्या द्वंद्वापर्यंत गेले. रक्त सांडले नाही, हे नशीब.

तरीही टर्फ स्वच्छ करण्याचे काम त्याच्याइतके कोणी केले नाही. गुडवुडच्या मैदानावर त्याने घोड्यांना क्रमांक दिले, ते फलकावर लावले, शर्यतीपूर्वी घोडे लोकांसमोर फिरवण्याची पद्धत पाडली, निशाणाने सुरुवात केली आणि उशीर करणाऱ्यांना दंड लावला. यांतल्या बहुतेक गोष्टी आज रेसकोर्सवर सहज दिसतात, पण तेव्हा त्या नव्या होत्या.

१८४४ ची डर्बी ‘रनिंग रेन’ने जिंकली. पण हा घोडा तीन वर्षांचा नसून चार वर्षांचा ‘मॅकॅबियस’ आहे, अशी कुजबुज होती. त्या वयात एका वर्षाचा फरक म्हणजे आठवीच्या मुलांच्या शर्यतीत कॉलेजकुमार पळवण्यासारखे. दुसरा आलेला ‘ऑर्लँडो’ कर्नल पील यांचा. जॉर्जने स्वतः तपास हाती घेतला. घोड्याचा जन्मापासूनचा माग काढला, साक्षीदार गोळा केले, केसांना लावायचा कलप कुठे विकत घेतला इथपर्यंत तो पोहोचला. खटल्यात न्यायमूर्तींनी फर्मावले, घोडाच हजर करा. घोडा गायब! दावा कोसळला, डर्बी ऑर्लँडोला मिळाली. कृतज्ञ टर्फने जॉर्जसाठी निधी जमवला. तो त्याने ट्रेनर आणि जॉकींच्या गरजू कुटुंबांसाठी देऊन टाकला.

पागेचा लिलाव नाही, निरोप

हे कर्नल पील म्हणजे पंतप्रधान सर रॉबर्ट पील यांचे सख्खे भाऊ. पुढला योगायोग पाहा. १८४५ मध्ये आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडला. परदेशी धान्यावरचे कर टिकवू, असे सांगून निवडून आलेल्या पील यांनी १८४६ च्या आरंभी ते कर उठवण्याचे ठरवले. अठरा वर्षे पार्लमेंटात जवळजवळ मुका बसलेला जॉर्ज उभा राहिला. त्याच्या मते प्रश्न दिलेल्या शब्दाचा होता. सट्ट्याचा सारा व्यवहार तोंडच्या शब्दावर चालतो. शब्द फिरवणाऱ्याला तिथे उभे करत नाहीत. उपाशी आयर्लंडापुढे पील यांची बाजू बरोबर होती, असेच इतिहासाने बहुतांशी ठरवले. पण जॉर्जही निर्दय नव्हता. आयर्लंडात रेल्वे बांधून लोकांना काम द्यावे, यासाठी त्याने १८४७ मध्ये एक कोटी साठ लाख पौंडांची योजना मांडली होती. ती फेटाळली गेली. कर उठले, पण त्याच जून महिन्यात पील यांचे सरकार पडले, आणि ते पाडण्यात जॉर्जच्या शेजारी होता बेंजामिन डिझरायली.

पक्ष चालवायचा तर पागा सांभाळता येत नाही. १८४६ च्या उन्हाळ्यात गुडवुडला जॉर्जने आपले सगळे घोडे, घोड्या, शिंगरे एकगठ्ठा दहा हजार पौंडांना एडवर्ड मोस्टिन यांना देऊन टाकले. वीस वर्षांचा डाव एका बोलण्यात मोडला. त्या ताफ्यात ‘सर्प्लिस’ नावाचे एक शिंगरू होते. १८४० साली टू थाउजंड गिनीज, वन थाउजंड गिनीज आणि ओक्स अशा तीन मोठ्या शर्यती जिंकणाऱ्या, कधीच न हरलेल्या त्याच्या लाडक्या ‘क्रुसिफिक्स’चे ते पोर.

२४ मे १८४८. सर्प्लिसने डर्बी जिंकली, लॉर्ड क्लिफडेन यांच्या नावावर. जन्मभर जॉर्जने धरलेला एकच ध्यास म्हणजे डर्बी. वडिलांना मिळालेली, त्याला कधीच न मिळालेली. दुसऱ्या दिवशी पार्लमेंटच्या ग्रंथालयात डिझरायलीला तो खिन्न भेटला. जन्मभर ज्याच्यामागे लागलो ते कशासाठी सोडले, असे म्हणून तो कण्हला. ज्या पक्षासाठी सोडले, त्याचे नेतेपदही तोवर गेले होते. ज्यूंना पार्लमेंटात बसू द्यावे, या बाजूने मत दिल्याबद्दल स्वकीयांनी त्याला धारेवर धरले आणि त्याने पद सोडले होते.

सप्टेंबरात डॉनकास्टरला सर्प्लिसने सेंट लेजरही जिंकली. ती पाहायला जॉर्ज हजर होता. आठवडाभराने, २१ सप्टेंबरला, तो वेलबेकच्या घरून एका स्नेह्याकडे जेवायला पायी निघाला. रात्र झाली तरी पोहोचला नाही. शोधायला गेलेल्यांना वाटेत त्याचा मृतदेह सापडला. हृदय बंद पडले होते. वय अवघे सेहेचाळीस.

जाण्यापूर्वी त्याने एक डाव मात्र मांडून ठेवला होता. डिझरायलीकडे जमीनजुमला नव्हता; आणि जमीन नसलेल्याला जमीनदारांच्या पक्षात पुढारी कोण मानणार? तेव्हा जॉर्ज आणि त्याच्या भावांनी त्याला ह्यूएन्डनची जहागीर घ्यायला पैसे उसने दिले. पक्षातले बहुतेक जण ज्याला परका समजत, त्या माणसावर लावलेले हे पैसे होते. डिझरायली १८६८ मध्ये पंतप्रधान झाला. दुसऱ्यांदा त्या पदावर आला असताना, १८७६ च्या कायद्याने, त्याने व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी केले. तेव्हा जॉर्जला जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती.