घरातील चित्रशाळा

जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ मुलूख ओलांडून पूर्वेस गेले म्हणजे नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर हे क्षेत्र लागते. तेथे ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. हेच पुढे दादासाहेब फाळके या नावाने साऱ्या देशास परिचित झाले. त्यांचे वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी पंडित होते. त्यांना मुंबईस अध्यापनाचे काम मिळाले आणि सारे कुटुंब मुंबईस आले. १८८५ साली धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी छायाचित्रणाचे शिक्षण घेतले.

लहानपणापासूनच त्यांना नाना छंद होते. चित्रे काढावी, निरनिराळ्या कलांत हात घालून पाहावा, नवे यंत्र दिसले की ते कसे चालते हे समजून घ्यावे, असा त्यांचा स्वभाव. जादूचे प्रयोगही ते करीत. त्यासाठी त्यांनी आपल्या आडनावाची अक्षरे उलट करून प्रोफेसर केळफा असे गमतीचे नाव घेतले होते. लोणावळे येथे त्यांनी छापखाना काढला. छपाईची नवी यंत्रे पाहण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीस जाऊन आले. परंतु भागीदारांशी मतभेद झाले व फाळके त्या धंद्यातून बाहेर पडले. चाळिशी आलेली, पदरी मुलेबाळे आणि हाती उद्योग नाही, अशी त्यांची अवस्था झाली.

अशा वेळी, १९११ च्या सुमारास, गिरगावातील एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र दिसत असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहिली. आपल्या देशातील कथांचा असाच चित्रपट आपण काढावयाचा, असा त्यांनी निश्चय केला. लगेच ते पत्नी सरस्वतीबाईंनाही तो चित्रपट दाखविण्यास घेऊन गेले.

त्या दिवसापासून फाळक्यांचे घर हीच एक प्रयोगशाळा बनली. एक स्वस्त कॅमेरा, मेणबत्ती आणि भिंग एवढ्या साहित्यावर ते रात्री भिंतीवर चित्रे पाडून पाहत. दिवसा चित्रपट, रात्री प्रयोग. झोप तीन तासांचीच. ह्या अतिश्रमाने त्यांची दृष्टी गेल्यासारखी झाली. ज्याला चित्रे हलवावयाची होती, त्यालाच काही दिसेना! डॉक्टरांनी उपचार करून निरनिराळे चष्मे दिले, विश्रांती घेण्यास लावले, तेव्हा कोठे दृष्टी परत आली. ती येताच फाळके पुन्हा कामास लागले. आपल्या विम्याचे कागद गहाण ठेवून त्यांनी पैसा उभा केला आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला जाण्यास निघाले. तेथे चित्रपट कसा करतात ते त्यांनी पाहिले, कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र ह्यांची मागणी नोंदविली आणि एप्रिल महिन्यात ते परतले.

यंत्रे पेटाऱ्यांतून आली, ती सुटी होती. सोबतच्या आकृतीवरून फाळक्यांनी ती स्वतःच जोडली. यंत्र जुळविणे, बिघडले तर खोलून नीट करणे, पडदे रंगविणे, फिल्म धुणे ही सारी कामे त्यांनी आपल्याच हातांनी करावयाची होती. कारण ती शिकविणारा गुरू येथे कोणी नव्हता.

आता दादर येथील त्यांच्या घरातील एक दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळी चूल पेटे. घरच्यांखेरीज नट व कामगार अशी साठ-सत्तर माणसे जेवावयास असत. त्यांच्या स्वयंपाकाचा सारा भार सरस्वतीबाईंवर होता. त्या काळी स्त्रिया चित्रपटात काम करण्यास तयार होत नसत, म्हणून पुरुषांनाच स्त्रीवेष घ्यावा लागे. ह्या नटांनी लुगडी नेसून तांदूळ निवडावे, दळण दळावे, असे फाळके सांगत. त्यामुळे त्यांच्या हालचालींत सहजता येई. राणी तारामतीची भूमिका करणारे अण्णा साळुंके हे मूळचे एका उपाहारगृहातील नोकर होते.

दुपारी उन्हात चित्रण चाले. नटांच्या तोंडांवर उजेड पडावा म्हणून सरस्वतीबाई पांढरी चादर धरून तासन् तास उभ्या राहत. रात्री सारे घर निजले, की त्या अंधाऱ्या खोलीत कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडीत बसत. फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे आणि प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांस मिळून आठ छिद्रे. पुढे त्यांचा पहिला चित्रपट सुमारे ३,७०० फूट लांबीचा झाला. गुणाकार करून पाहा: पावणेपाच लाखांच्या आसपास छिद्रे होतात!

ह्याच घरात एका कुंडीत वाटाण्याचे बी पेरले होते. तिच्यासमोर कॅमेरा ठेवून फाळके रोज एकच चित्र घेत. महिन्याहून अधिक काळ हा नेम चालला. ती फीत पडद्यावर दाखविताच, बीजाचा वेल होताना मिनिटभरात दिसू लागला. तो पाहून स्नेह्यांचा विश्वास बसला व कर्ज मिळाले. तेही पुरेना, तेव्हा सरस्वतीबाईंनी आपले दागिने काढून दिले.

'राजा हरिश्चंद्र' चित्रपटातील अरण्याची दृश्ये मुंबईबाहेरील वांगणी गावी घेण्याचे ठरले. मंडळी ढाली-तलवारी घेऊन पुढे गेली. ती शस्त्रे पाहून गावकऱ्यांस वाटले, दरोडेखोर आले! फौजदाराने सर्वांस अडकवून ठेवले. मागाहून फाळके पोचले. त्यांनी कॅमेरा उघडून दाखविला, फिल्म न घालता एक प्रसंग करून दाखविला, तेव्हा मंडळींची सुटका झाली.

पण खरी कसोटी पुढेच होती. रोहिदासाची भूमिका फाळक्यांचा मुलगा भालचंद्र करीत होता. खेळताना तो खडकावर पडला व डोक्यास मार लागून बेशुद्ध झाला. त्याला मुंबईस न्यावे, असे सर्वांचे म्हणणे पडले. रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग तेवढा घ्यावयाचा राहिला होता. चित्रण थांबले तर खर्च वाढणार आणि पैसा तर उरला नव्हता. फाळक्यांनी मुलावर उपचार केले आणि मन घट्ट करून, त्याच स्थितीत तो प्रसंग चित्रित केला. त्या वेळी पित्याच्या हृदयात काय चालले असेल, ह्याची कल्पनाच केलेली बरी. सुदैवाने मुलगा बरा झाला.

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' झळकला. प्रेक्षकांनी गर्दी केली. त्याच वर्षी फाळके नाशिकला गेले. पुढे 'लंकादहन' (१९१७), 'कालियामर्दन' (१९१९) असे नव्वदांहून अधिक चित्रपट त्यांनी काढले. 'कालियामर्दन'मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली होती. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा अखेरचा चित्रपट. बोलपटांच्या युगात त्यांचा व्यवसाय मागे पडला, दिवस पालटले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेवला. चित्रपटक्षेत्रातील श्रेष्ठ कार्याबद्दल भारत सरकारने १९६९ साली त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला.

लोक दादासाहेबांना भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतात, ते योग्यच आहे. परंतु त्या पहिल्या चित्रपटाची आठवण काढताना दादरच्या घरातील ती चूल, ती वाटाण्याची कुंडी, उन्हात धरलेली पांढरी चादर आणि अंधाऱ्या खोलीत जागणारी ती माउली ह्यांनाही विसरू नये. मोठे कार्य अशाच लहानसहान कामांतून, रोज थोडेथोडे, उभे राहत असते.