केसरबाईंचा आकार आणि आपला स्पीकर

आमच्या होस्टेलवर स्पीकर म्हटलं की पहिला प्रश्न एकच, बास किती? मी मात्र स्पीकर तपासायला केसरबाई केरकर यांची भैरवी लावते. रूममेट्स कॉरिडॉरमध्ये पळतात. कॉन्व्हेंटमधून आल्यामुळे बारावीपर्यंत हे नाव माझ्या कानावरसुद्धा आलं नव्हतं. आणि बाईंचं नातं तर थेट आपल्या कोल्हापूरशी!

१३ जुलै १८९२ रोजी गोव्यातल्या केरी गावी त्यांचा जन्म झाला. आठव्या वर्षी त्या कोल्हापुरात आल्या आणि काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या. पुढे रामकृष्णबुवा वझे, बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले असे गुरू मिळाले, पण तालीम तुटक. १९२१ साली अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांना शिष्या केलं. खाँसाहेब म्हणजे शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. १९४६ मध्ये ते जाईपर्यंत ही तालीम चालली. पंचवीस वर्षं! आपली चार, बॅकलॉग धरून पाच.

त्यातून तयार झाला तो बाईंचा आकार. मैफलीला लाउडस्पीकर नसायचा त्या काळात घडलेला आवाज. खाली असो की तार सप्तकात, जाडी तीच.

इथे माझ्यातली इंजिनिअर जागी होते. टू-वे स्पीकरमध्ये वूफर आणि ट्वीटर यांना क्रॉसओव्हर कामं वाटून देतो, बहुतेक वेळा २ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास. बाईंच्या आवाजातले हार्मोनिक्स नेमके तिथूनच जातात. क्रॉसओव्हर गंडलेला असेल तर तो अखंड आकार दोन तुकड्यांत ऐकू येतो, वर पत्रा आणि खाली डबा. धडाधड बासच्या गाण्यात हे लपून जातं.

दोन स्पीकरची तुलना करताना आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या, कारण मोठा वाजणारा कानाला उगाच चांगला वाटतो. अँप्लिफायर जुळवताना नुसते वॉट बघू नका. ते म्हणजे फक्त उंची बघून लग्न जमवणं! सेन्सिटिव्हिटी ८४ डेसिबल असलेल्या स्पीकरला ९० वाल्याइतकं वाजायला चौपट पॉवर लागते. आणि अँप्लिफायरवर किमान ८ ओहम लिहिलं असेल तर ४ ओहमचा स्पीकर जोडू नये. करंट दुप्पट होतो, बिचारा तापून बंद पडतो.

एवढी काळजी कशाला? कारण बाईंच्या रेकॉर्ड्स फार थोड्या आहेत, त्यातही ७८ च्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. १९६९ साली पद्मभूषण मिळालं. पण त्यांनी विद्या दिलेली शिष्या म्हणून नाव येतं ते एकच, कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी, आणि त्याही २०१४ मध्ये गेल्या. आता आहे ते तबकड्यांवरच. त्यातलं स्पीकरने खाल्लं तर विचारायचं कुणाला?

१९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नासाची दोन व्हॉयेजर यानं निघाली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली बारा इंची रेकॉर्ड आहे आणि भारतातून त्यावर एकच गाणं, बाईंची तीच भैरवी. १६ सप्टेंबरला बाई गेल्या, दुसरं यान उडून अकराच दिवस झाले होते. २०१२ मध्ये व्हॉयेजर १ सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं. रेकॉर्डसोबत सुई आणि कार्ट्रिज दिलंय, कशी वाजवायची त्याच्या आकृत्या कोरल्यात. अँप्लिफायर आणि स्पीकर तेवढे ज्याला सापडेल त्याने आपले आपण बघायचे.