ऐकू कमी येणारा नट

गॅदरिंगच्या नाटकातून मला पडद्यामागे पाठवलं. कारण एकच, डावा कान बंद! तोंड पाडून अंबाजोगाईच्या होस्टेलवर आलो अन् बालगंधर्वांचं चरित्र उघडलं.

मित्रांनो, नारायण श्रीपाद राजहंस (१८८८-१९६७) यांनाही लहानपणी कमी ऐकू यायचं. शाहू महाराजांनी उपचारांसाठी मिरजेला पाठवलं. तिथेच १९०५ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. देवलांकडून अभिनयाची तालीम, भास्करबुवा बखल्यांकडून गाण्याची. नाटक कंपनी हीच शाळा. (आपण बीडवाले मात्र पुण्या-मुंबईकडे बघत बसतो.) १९१३ मध्ये स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. उतारवयात पाय गेले, तरी बसून गायले.

पुढच्या गॅदरिंगला मी ऑडिशन मागणारच, उजवा कान डायरेक्टरकडे करून.