आबालाल रहिमान

आबालाल रहिमान (जन्म : अंदाजे १८६०, कोल्हापूर, मृत्यू : २८ डिसेंबर १९३१) हे महाराष्ट्रातील आद्य निसर्गचित्रकारांपैकी एक होत. त्यांच्या घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याची परंपरा होती. त्यामुळे सुलेखन व वेलबुट्टी यांचे संस्कार त्यांच्यावर बालपणीच झाले.

शिक्षण

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी १८८० ते १८८८ या काळात शिक्षण घेतले. रेखाटन, यथार्थदर्शन आणि छायाप्रकाश यांचा पाश्चात्त्य पद्धतीचा पाया तेथे पक्का झाला. १८८८ मध्ये त्यांना व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळाले. पुढे ते कोल्हापूरला परतले.

निसर्गचित्रण

कोटितीर्थ तलावाच्या काठी त्यांनी वास्तव्य केले आणि घराभोवतीचा हा परिसरच त्यांची दुसरी शाळा ठरला. तेच पाणी, तीच झाडी ते निरनिराळ्या प्रहरी व ऋतूंत पुन्हा पुन्हा रंगवीत. त्यामुळे वस्तूंच्या रेखीव आकारापेक्षा प्रकाशाच्या पालटाला त्यांच्या चित्रांत महत्त्व आले. रंकाळ्यावरील संध्यामठाचेही चित्रण त्यांनी केले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला.

अखेरचा काळ व वारसा

१९२२ मध्ये महाराजांचे निधन झाले. त्या आघाताने व्यथित होऊन त्यांनी आपली बहुसंख्य चित्रे पंचगंगेत सोडून दिली, असे सांगितले जाते. आयुष्यभराच्या साधनेच्या मानाने त्यांची आज उपलब्ध असलेली चित्रे थोडीच आहेत. तथापि प्रत्यक्ष स्थळी बसून निसर्ग रंगविण्याची त्यांची परंपरा बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी आदी कोल्हापूरच्या चित्रकारांनी पुढे चालविली.