कैरान्याहून मिरजेला : खाँसाहेब अब्दुल करीम खाँ

दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास दिल्लीतील आपली मराठी मंडळी पानिपतला जातात आणि काला आम येथील स्मारकापुढे नतमस्तक होऊन परततात. त्याच पानिपताहून पूर्वेकडे यमुना ओलांडली की थोड्याच अंतरावर कैराना नावाचे गाव लागते. तिकडे मात्र आपल्यापैकी कुणाची पावले सहसा वळत नाहीत. वास्तविक ज्या गायकीला महाराष्ट्राने घरच्या लेकराप्रमाणे वाढविले, त्या किराणा घराण्याचे नाव याच गावावरून पडले आहे. आमच्या धाकट्या चिरंजीवांनी लहानपणी किराणा घराणे म्हणजे वाणसामानाचे दुकान चालविणारे घराणे अशी समजूत करून घेतली होती. ती दूर करताना जे सांगावे लागले, तेच आज मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जुन्या तबकड्या जमविण्याचा छंद आम्हांस वडिलांकडून मिळाला. त्यांच्या संग्रहात हिंदी ठुमरीच्या तबकड्या होत्या, नाट्यपदांच्या होत्या. परंतु पेटीत सर्वांत वर, मऊ कापडात गुंडाळून ठेविलेली असे ती अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीची. रविवारी सकाळी ती लागली की घरात कुणी भांडे वाजवीत नसे. त्या तीन मिनिटांच्या पाठीमागे केवढे आयुष्य उभे आहे, हे आम्हांस बऱ्याच उशिरा उमगले.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ साली कैराना येथे एका गवयाच्या घरात झाला. वडील काले खाँ व चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. ऐन तारुण्यात बंधू अब्दुल हक यांच्यासह ते सयाजीराव महाराजांच्या बडोद्यास आले आणि तेथील दरबारात गायक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथेच सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकू लागली. गुरुशिष्येचे मन जुळले. धर्म वेगळा, मानमरातब वेगळा; अशा विवाहाला त्या काळी बडोद्यात जागा मिळणे शक्य नव्हते. दरबारची नोकरी आणि सरदारघराण्याचे ऐश्वर्य मागे टाकून दोघांनी मुंबईची वाट धरली. जन्मगाव एकदा सुटलेलेच होते. आता मिळविलेले घरही सुटले.

त्यानंतरचे त्यांचे जीवन म्हणजे अखंड भ्रमंती होय. मिरजेशी त्यांचा ऋणानुबंध याच काळात जुळला. प्लेगच्या दुखण्यात ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी सेवा रुजू केली व ते दुखण्यातून उठले, अशी आख्यायिका आजही मिरजेत सांगितली जाते. आख्यायिका बाजूस ठेविली, तरी या गावात त्यांचे मन का रमले असावे हे समजण्यासारखे आहे. तंबोरे घडविणाऱ्या कारागिरांचे हे गाव, आणि तंबोरा सुरात लागल्यावाचून तोंड न उघडणारा हा गवई! स्वराच्या सूक्ष्मतेविषयीची त्यांची निष्ठा इतकी ख्यात होती की, सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व न्यायाधीश क्लेमंट्स यांनी २२ श्रुतींचा शोध आरंभिला, तेव्हा त्यांनी खाँसाहेबांच्या कंठाचा आधार घेतला. देवल हे उपजिल्हाधिकारी होते. फायलींच्या ढिगाऱ्यातून श्रुतींचा हिशेब मांडणारा एक सरकारी अधिकारी होऊन गेला, याचा आम्हांस आमच्या नोकरीत अनेकदा आधार वाटला आहे.

१९१३ साली खाँसाहेबांनी पुण्यास आर्य संगीत विद्यालय स्थापन केले. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच पुढील काळातील सवाई गंधर्व, हे त्यांचे पट्टशिष्य. म्हैसूरच्या दरबारी वारंवार जाणे होत असल्याने दाक्षिणात्य संगीताचाही त्यांनी अभ्यास केला आणि त्यागराजांची एक कृती आपल्या आवाजात मुद्रितही केली. उत्तर हिंदुस्थानच्या गवयाने असे धाडस करणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

संसार मात्र टिकला नाही. १९२२ च्या सुमारास ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी आईचे कूळ स्वीकारले, नावेही बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीची हिराबाई बडोदेकर झाली, सकीनाची सरस्वतीबाई राणे झाली. दोष कोणाचा, याचा निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. एवढे मात्र खरे की, ज्याच्या घरात एकेकाळी पाच मुलांचे सूर घुमले, तो बाप पुढे मिरजेत त्या मुलांवाचून राहिला, आणि त्याच्या गाण्याचा वारसा त्या मुलांनी त्याचे नाव न लावता महाराष्ट्रभर नेला.

आता तबकडीविषयी. खाँसाहेबांचे काही गाणे १९०५ च्या सुमारासच मुद्रित झाले होते. परंतु रसिकांच्या मनात घर केले ते आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत ओडियन कंपनीने काढलेल्या तबकड्यांनी. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीची एक बाजू अवघी तीन मिनिटांची. तासभर ख्याल मांडणाऱ्या गवयाने तीन मिनिटांत काय गावे? अनेक थोर गवयांना हे यंत्र मानवले नाही. भास्करबुवा बखले व अल्लादिया खाँ यांच्या गाण्याची एकही तबकडी आज आम्हां संग्राहकांच्या हाती नाही. त्यांची थोरवी आपण ऐकीव मानतो. खाँसाहेबांनी मात्र त्या तीन मिनिटांची मर्यादा ओळखली. विस्ताराचा मोह टाळून ते पहिल्याच स्वरात रागाच्या गाभ्याशी जातात. झिंझोटी, भैरवी, जोगिया, वसंत, तिलंग या सर्व तबकड्यांत कुठेही घाई जाणवत नाही. काही मराठी नाट्यपदेही त्यांनी याच जिव्हाळ्याने गाइली आहेत.

यांपैकी उत्तम कोणती, यावर आम्हां छांदिष्टांचे एकमत होणे कठीण. दिल्लीतील आमचे एक स्नेही केवळ ओडियनची मूळ चिठ्ठी असलेली तबकडीच खरी मानतात. पुढे निघालेल्या आवृत्त्यांना ते हातही लावीत नाहीत. दुसऱ्यांना जोगियापुढे काही सुचत नाही. तिसरे पंजाबी गृहस्थ सैगलचे निस्सीम भक्त. झिंझोटीची ती ठुमरी सैगलने १९३५ च्या ‘देवदास’ चित्रपटात गाइली असल्याने ती त्याचीच, असा त्यांचा दावा असे. एका हिवाळी संध्याकाळी आम्ही त्यांस खाँसाहेबांची तबकडी ऐकविली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी तबकडी पुन्हा लावावयास सांगितली. हीच ठुमरी तबकडीवर ऐकून गदगचा एक मुलगा गुरूच्या शोधात घर सोडून निघाला होता. तो मुलगा म्हणजे सवाई गंधर्वांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी.

खाँसाहेबांचा अंतही प्रवासातच झाला. १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात मद्रासचा कार्यक्रम आटोपून ते पाँडेचरीस निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागल्याने सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्थानकावर ते शिष्यांसह उतरले. फलाटावर बिछाना अंथरण्यात आला. तंबोरा जुळविला गेला, दरबारी कानड्याच्या सुरांत त्यांनी प्रार्थना केली आणि २७ ऑक्टोबर रोजी तेथेच देह ठेविला. त्यांचे पार्थिव मिरजेस आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात दफन करण्यात आले. यमुनाकाठी जन्मलेला माणूस कृष्णेच्या खोऱ्यात विसावला. दर्ग्याच्या उरुसात गवई आजही त्यांच्या स्मृतीस गाण्याची सेवा अर्पण करतात.

वडिलांच्या पश्चात ती झिंझोटीची तबकडी आम्ही दिल्लीस आणली. बदलीच्या सामानात ती आम्हीच बांधली आणि आमच्याच निष्काळजीपणाने तिला कडेपासून मध्यापर्यंत तडा गेला. आता ती लावली की प्रत्येक फेऱ्याला एक टिचकी पडते, मिनिटाला ७८. हाच गायनप्रकार स्वच्छ करून नव्या साधनांवर सहज ऐकावयास मिळतो. चिरंजीव तो क्षणात लावून देतात, आणि तो निर्दोष असतो यात शंका नाही. तरीही रविवारी आम्ही तडा गेलेली तबकडीच लावतो. त्या टिचक्यांच्या पलीकडून वडिलांचे घर ऐकू येते.

आमच्या कपाटात एका खणात खाँसाहेब आहेत. त्यांच्या शेजारी सुरेशबाबू, मग हिराबाई, मग सरस्वतीबाई. हा क्रम आम्ही मुद्दाम लावलेला नव्हता. संग्रह वाढत गेला तसा तो लागत गेला. एके दिवशी धूळ झटकताना ध्यानात आले की, जे कुटुंब १९२२ साली दुभंगले, ते दिल्लीतील एका सरकारी निवासस्थानात, हातभर फळीवर, पुन्हा एकत्र बसले आहे.

म्हणून वाचकांस एकच विनंती. आपल्यापैकी पुष्कळांच्या गावाकडील माळ्यावर, बंद पेटीत, आजोबांच्या तबकड्या अजून पडून असतील. पुढच्या खेपेस गावी जाल तेव्हा त्या कबाडीवाल्याच्या हाती देऊ नका. येथे घेऊन या. वाजविण्याचे यंत्र आमच्याकडे आहे. आणि येत्या संक्रांतीला पानिपतहून परतताना कुणाची तयारी असेल, तर यमुनेचा पूल ओलांडून कैरान्यापर्यंत जाऊन येऊ.