सर टॉमस बॉडले

ग्रंथांच्या रक्षणार्थ ज्यांनीं आपलें उत्तरायुष्य वेंचिलें, त्या सर टॉमस बॉडले यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

बॉडले यांचा जन्म १५४५ सालीं इंग्लंडांतील एक्झिटर शहरीं झाला. मेरी राणीच्या कारकीर्दींत धर्ममतांमुळें त्यांच्या वडिलांस देशत्याग करावा लागला. त्यामुळें टॉमस यांचें बालपणींचें कांहीं शिक्षण जिनीव्हा येथें झालें. एलिझाबेथ राणी गादीवर आल्यावर हें कुटुंब स्वदेशीं परतलें. पुढें टॉमस यांनीं ऑक्सफर्ड येथें अध्ययन केलें, तेथेंच ग्रीक भाषा शिकविली आणि नंतर राणीचे वकील म्हणून हॉलंडांत काम केलें.

१५९७ मध्यें ते राजसेवेंतून निवृत्त झाले. त्या वेळीं ऑक्सफर्ड विद्यापीठाचें ग्रंथालय ओसाड पडलें होतें. पंधराव्या शतकांत ड्यूक हंफ्री यांनीं त्यास सुमारें २८० हस्तलिखितें अर्पण केलीं होतीं. परंतु धर्मसुधारणेच्या आवेशांत तीं नाहींशीं झालीं, व १५५६ मध्यें ग्रंथ ठेवण्याचीं रिकामीं बाकेंही विकण्यांत आलीं. १५९८ मध्यें बॉडले यांनीं स्वतःच्या खर्चानें जीर्णोद्धार करण्याचें विद्यापीठास कळविलें. १६०२ च्या नोव्हेंबरांत सुमारें २,००० ग्रंथांसह ग्रंथालय उघडलें. ऑक्सफर्डांत कोणासही वाचतां न येणारे चिनी ग्रंथही त्यांनीं मिळविले. आज नाहीं तर उद्यां वाचक येईल, ही त्यांची दृष्टि!

१६१० मध्यें लंडनच्या मुद्रक-विक्रेत्यांच्या संघाशीं त्यांनीं करार केला. त्यान्वयें तेथें नोंदलेल्या प्रत्येक नव्या पुस्तकाची एक प्रत ऑक्सफर्डला मिळूं लागली. नाटकांचीं पुस्तकें बॉडले क्षुद्र मानीत; तथापि शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ चा पहिला संग्रह त्याच करारामुळें तेथें पोंचला! मध्यंतरीं ती प्रत ग्रंथालयानें गमावली. १९०६ मध्यें वर्गणी जमवून ती परत घ्यावी लागली.

ग्रंथ बाहेर न्यावयाचा नाहीं, हा त्यांचा नियम कडक होता. १६४५ मध्यें खुद्द चार्ल्स राजानें एक ग्रंथ मागितला असतां ग्रंथपालानें नम्रपणें नकार दिला, व राजानें तो मानला.

१६१३ मध्यें बॉडले वारले. आपल्या संपत्तीचा मोठा भाग त्यांनीं ग्रंथालयासच ठेविला. आज तेथील संग्रह १ कोटि ३० लाखांहून अधिक आहे.

आमच्या विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत धरावें कीं, शेंकडों वर्षांचा संचय नष्ट व्हावयास थोडा अविचार पुरतो. तो पुन्हां उभारावयास मात्र बॉडले यांच्यासारखें आयुष्य वेंचावें लागतें. हातीं आलेलें पुस्तक जपणें हें त्याच कार्याचें पहिलें पाऊल होय.