काचेची चित्रशाळा

फ्रान्स देशाच्या मध्यभागी लिमोझ नावाचे शहर आहे. चिनी मातीच्या नाजूक भांड्यांसाठी ते फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे. या शहरी २५ फेब्रुवारी १८४१ रोजी एका गरीब शिंप्याच्या घरी प्येर ओग्यूस्त रन्वार याचा जन्म झाला. तो लहान असतानाच त्याचे आईवडील पोटापाण्यासाठी पॅरिसला येऊन राहिले. मुलाला चित्रे काढण्याचा नाद होता. तो पाहून वडिलांनी त्याला तेराव्या वर्षी चिनी मातीची भांडी रंगवणाऱ्या एका कारखान्यात उमेदवारीस ठेवले. बश्यांवर आणि फुलदाण्यांवर इवल्याइवल्या फुलांचे गुच्छ रंगवीत रन्वार दिवसभर बसे. त्या कामामुळे त्याच्या बोटांना हलकेपणा आला आणि नजरेला रंगांची पारख आली. पुढे भांड्यांवरील चित्रे यंत्राने छापली जाऊ लागली व तो कारखाना बंद पडला. मग त्याने हातपंखे रंगवले, खिडक्यांचे पडदे रंगवले. आणि चार पैसे गाठीला बांधून १८६२ साली पॅरिसच्या कलाशाळेत प्रवेश मिळवला.

तेथे त्याला मोने, सिस्ले आणि बाझीय हे मित्र लाभले. हे तरुण चित्रकार खोलीत बसून काळोखी रंगांत चित्रे काढण्यास कंटाळले होते. ते कॅनव्हास घेऊन नदीकाठी जात, बागेत जात आणि क्षणोक्षणी पालटणारा सूर्यप्रकाश जसा दिसे तसा रंगवीत. १८७४ साली त्यांनी आपले स्वतंत्र प्रदर्शन भरवले, तेव्हा टीकाकारांनी त्यांची थट्टा केली. तथापि काळाने कौल दिला तो या चित्रकारांच्याच बाजूने. त्यांचा पंथ पुढे दृक्प्रत्ययवाद या नावाने जगभर प्रसिद्ध झाला. रन्वारच्या चित्रांत हसरी मुले, नाचगाण्यात रमलेली माणसे, फुले आणि फळे यांना मोठे स्थान असे. चित्र पाहून मन प्रसन्न व्हावे, असे त्याला वाटे.

रन्वारने पन्नाशी गाठली, तेव्हा दारिद्र्याचे दिवस सरले होते. त्याच्या चित्रांना मागणी येऊ लागली होती. आलीन नावाची कष्टाळू पत्नी घर सांभाळत होती. आता निश्चिंत मनाने काम करावे, अशी वेळ आली. आणि नेमक्या त्याच वेळी एका दारुण रोगाने त्याच्या शरीरात प्रवेश केला. हा रोग म्हणजे आमवात. या रोगात सांधे सुजतात, दुखतात आणि हळूहळू वाकडे होऊन जखडून जातात. सुमारे १८९२ पासून रन्वारला त्याची लक्षणे जाणवू लागली. १८९७ साली एस्वा या पत्नीच्या गावी तो सायकलवरून पडला आणि त्याचा उजवा हात मोडला. पूर्वी १८८० मध्येही त्याचा तो हात मोडला होता आणि त्या वेळी त्याने डाव्या हाताने चित्रे काढून दिवस काढले होते. या दुसऱ्या अपघातानंतर मात्र दुखणे बळावत गेले. हाड सांधले, पण सांध्यांतील वेदना गेली नाही.

त्या काळी या रोगावर गुणकारी औषध नव्हते. वैद्य वेदना थोडी कमी करणारी औषधे देत आणि गरम पाण्याच्या झऱ्यांत स्नान करण्यास सांगत. रन्वारने ते सर्व करून पाहिले. बोटे आखडू नयेत म्हणून तो रोज सकाळी कातडी चेंडू हवेत उडवून झेलण्याचा व्यायाम करी. पुढे चेंडू झेलणे अशक्य झाले, तेव्हा तो लाकडाचा एक लहानसा ठोकळा उडवून झेलू लागला. एक साधन हातून सुटले की त्याने दुसरे शोधावे, असा त्याचा क्रमच होऊन गेला. प्रथम हाती एक काठी आली, मग दोन काठ्या आल्या आणि अखेर १९१२ च्या सुमारास तो चाकांच्या खुर्चीला कायमचा खिळला.

पॅरिसचा थंड व दमट हिवाळा रन्वारला सोसेना. म्हणून तो फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, भूमध्य समुद्राजवळ, उबदार हवेच्या गावी राहू लागला. त्या प्रदेशात कान्य नावाचे गाव आहे. गावालगत ले कोलेत या नावाची एक जुनी वाडी होती. तेथील ओलिव्हची झाडे कित्येक शतकांची होती. त्यांची खोडे पीळदार आणि पाने रुपेरी. ही झाडे तोडली जाणार अशी वार्ता रन्वारच्या कानी आली. तो व्याकूळ झाला आणि ती वाचवण्यासाठी १९०७ साली त्याने ती वाडीच विकत घेतली. आलीनने तेथे प्रशस्त घर बांधवून घेतले आणि १९०८ मध्ये हे कुटुंब त्या घरी राहावयास आले.

यापुढे जगाकडे जाणे रन्वारला शक्य नव्हते. म्हणून चित्राला लागणारे सारे जगच घराच्या आवारात आणावे लागणार होते. घरात उत्तरेचा शांत प्रकाश येईल अशी एक मोठी चित्रशाळा होती. परंतु आयुष्यभर उघड्यावर चित्रे काढणाऱ्या या माणसाला चार भिंतींत चैन पडेना. उलट उघड्यावर बसावे, तर वारा आणि गारवा दुखऱ्या सांध्यांना सोसत नसे. या अडचणीतून एक सुंदर युक्ती निघाली. बागेत, ओलिव्हच्या झाडांमध्ये, सुमारे पाच मीटर लांबरुंद अशी एक काचेची खोली उभारण्यात आली. तिच्या चारी बाजूंना काचेची तावदाने होती. हवी तेव्हा ती उघडता येत आणि वारा सुटला की मिटता येत. प्रकाश फार झाला, तर सुती पडदे ओढून तो सौम्य करता येई. आत बसलेल्या रन्वारला गवत, झाडे आणि उन्हाचे कवडसे अगदी हाताशी दिसत. आणि तरीही त्याच्या अंगाला वाऱ्याची झुळूक लागत नसे.

खोलीची सोय झाली, पण हाताचे काय? रन्वारची बोटे आता तळव्याकडे पार वळली होती. नखे तळहातात रुतू नयेत आणि कातडी घामाने चिकटून सोलू नये, म्हणून शंखजिऱ्याची पूड टाकून हातांना मऊ पट्ट्या गुंडाळाव्या लागत. त्या पट्ट्या पाहून अनेकांचा असा समज झाला की, कुंचला त्याच्या हाताला बांधलेला असे. ते खरे नव्हे. घरातील कोणीतरी कुंचला त्याच्या आखडलेल्या बोटांत सरकवून देई आणि एकदा तो तेथे बसला की रन्वारची बोटे तो घट्ट धरून ठेवीत. वारंवार कुंचला बदलणे क्लेशाचे होते. म्हणून रंग बदलावयाचा झाला, तर तो तोच कुंचला टर्पेंटाईनच्या भांड्यात बुडवून स्वच्छ करी आणि पुढे चाले. १९१५ साली घेतलेल्या एका मूक चलच्चित्रात रन्वार चित्र काढताना दिसतो. त्याचा धाकटा मुलगा क्लोद शेजारी उभा राहून त्याला मदत करतो आहे. हात वाकडा आहे. पण कुंचल्याचा स्पर्श भराभर आणि अचूक होत आहे.

रंग कालवण्याची फळी पूर्वी तो हातावर पेलत असे. आता ते जमत नव्हते. तेव्हा ती फळी खुर्चीला अशा रीतीने बसवली की, ती फिरवता यावी आणि प्रत्येक रंग आपण होऊन कुंचल्याजवळ यावा. आणखी एक मोठी अडचण उरली. ज्याला खुर्चीतून उठता येत नाही आणि ज्याचा खांदा वर जात नाही, त्याने मोठे चित्र कसे काढावे? चित्राचा वरचा भाग हाताच्या टप्प्याबाहेर राहणार. यावरही उपाय सापडला. कॅनव्हासचे कापड एक वर व एक खाली अशा दोन आडव्या रुळांवर ताणून बसवण्यात आले. दांडा फिरवला की ते कापड विहिरीवरच्या रहाटाप्रमाणे वर किंवा खाली सरके. अशा प्रकारे चित्राचा हवा तो भाग नेमका रन्वारच्या डोळ्यांसमोर येई. चित्रकाराला चित्रापर्यंत पोहोचता येत नव्हते. म्हणून चित्रच चित्रकारापर्यंत येऊ लागले.

त्याचा दिनक्रमही असाच घडवलेला होता. रात्री अंगावरच्या पांघरुणाचा भारदेखील त्याच्या पायांना सोसत नसे. म्हणून पलंगावर एक पिंजऱ्यासारखा सांगाडा ठेवून त्यावर पांघरूण घालत. रात्र पुष्कळदा वेदनेत जाई. सकाळी मात्र त्याला खुर्चीत बसवून बागेत नेले जाई. बाहेर दूर जावयाचे असले, तर बांबूचे दांडे लावलेल्या डोलीसारख्या खुर्चीतून माणसे त्याला उचलून नेत. एकदा काचेच्या खोलीत कुंचला हाती आला की, घरच्या मंडळींना त्याच्या मुद्रेवर वेदनेऐवजी समाधान दिसू लागे.

याच काळात एक कसोटीचा प्रसंग आला. रन्वारला पुन्हा चालते करण्याची उमेद एका निष्णात वैद्याने धरली. त्याने रन्वारला पौष्टिक आहार व उपचार सुरू केले आणि काही आठवड्यांत रोग्याच्या अंगी थोडी शक्ती आली. एके दिवशी वैद्याने त्याला खुर्चीतून उठवून उभे केले. सर्व कुटुंब श्वास रोखून पाहत होते. रन्वारने पाऊल उचलले, मग दुसरे उचलले. चित्राच्या घोडीला वळसा घालून तो कसाबसा खुर्चीपाशी परत आला. सर्वांना आनंद झाला. पण रन्वारने शांतपणे आपला निर्णय सांगितला. त्या चार पावलांसाठी त्याला मनाची सारी शक्ती पणाला लावावी लागली होती. रोज चालावयाचे ठरवले, तर चित्रांसाठी काहीच शक्ती उरणार नव्हती. चालणे आणि चित्र काढणे यांपैकी त्याने चित्र निवडले. तो खुर्चीत बसला आणि पुन्हा कधीही चालला नाही. हा प्रसंग त्याच्या मुलाने, झां रन्वार याने, पुढे वडिलांच्या चरित्रात लिहून ठेवला आहे. झां हा स्वतः मोठा चित्रपट दिग्दर्शक झाला.

रन्वारच्या मनात शिल्पेही घडवावयाची होती. परंतु छिन्नी धरणे वा माती थापणे त्या हातांना कोठून शक्य असणार? तेव्हा १९१३ पासून रिशार गिनो हा तरुण शिल्पकार त्याच्या मदतीस आला. रन्वार खुर्चीत बसून काठीच्या टोकाने दाखवी आणि गिनो त्याप्रमाणे मातीला आकार देई. या जोडीने काही वर्षांत अनेक सुंदर शिल्पे निर्माण केली. गिनोचा त्यातील वाटा पुष्कळ काळ दुर्लक्षित राहिला. अखेर १९७३ साली फ्रान्सच्या न्यायालयाने त्याला सहशिल्पकार म्हणून मान्यता दिली. दुसऱ्याच्या हातांनी झालेले कामही त्या हातांचे ऋण मानूनच पाहावे लागते, हे त्यावरून ध्यानी येते.

शरीराच्या दुःखात मनाच्या दुःखाची भर पडली. पहिल्या महायुद्धात प्येर आणि झां हे त्याचे दोन मुलगे जखमी झाले. १९१५ साली आलीन मरण पावली. जिने हे घर उभारले, जिने त्याच्या भोवतीची प्रत्येक सोय डोळ्यांत तेल घालून पाहिली, ती निघून गेली. रन्वार खचला, परंतु थांबला नाही. या दुःखाच्या वर्षांतच त्याने ‘स्नान करणाऱ्या स्त्रिया’ हे भव्य चित्र हाती घेतले. ते एक मीटरहून उंच आणि दीड मीटरहून रुंद आहे. त्यात ले कोलेतची बाग आहे, ऊन आहे, लालकेशरी रंगांची उधळण आहे. वेदनेचा मात्र लवलेशही नाही. मातीस हा तरुण चित्रकार त्या काळी त्याला भेटावयास येत असे आणि या वृद्धाची चिकाटी पाहून थक्क होत असे.

१९१९ च्या उन्हाळ्यात रन्वार पॅरिसला आला. लूव्र हे तेथील जगप्रसिद्ध संग्रहालय. तरुणपणी तो तेथे थोर चित्रकारांची चित्रे पाहत तासन् तास उभा राहिला होता. आता त्याला खुर्चीत बसवून त्याच दालनांतून नेण्यात आले आणि तेथे टांगलेले स्वतःचे एक चित्र त्याने डोळे भरून पाहिले. त्यानंतर तो कान्यला परतला. झांने लिहून ठेवल्याप्रमाणे, अखेरच्या दिवशीही त्याने रंगपेटी मागितली, समोर ठेवलेली फुले रंगवली आणि आपल्याला आता कोठे काही उमजू लागले आहे, असा भाव व्यक्त केला. ३ डिसेंबर १९१९ रोजी त्याने देह ठेवला.

‘स्नान करणाऱ्या स्त्रिया’ हे चित्र त्याच्या मुलांनी १९२३ साली राष्ट्राला अर्पण केले. ले कोलेतचे घर १९६० साली कान्य नगरीने घेतले आणि तेथे रन्वारचे स्मृतिसंग्रहालय झाले. त्याची चाकांची खुर्ची आणि चित्राची घोडी तेथे जपून ठेवली आहे. बाहेर बागेत ओलिव्हची ती जुनी झाडे उभी आहेत.

रन्वारचा रोग बरा झाला नाही. वेदनेने त्याची साथ एक दिवसही सोडली नाही. पण जे हातून गेले त्यासाठी शोक करीत न बसता, जे हाती उरले त्याला साजेशी जागा आणि साजेशी साधने त्याने निर्माण केली. फिरती फळी, सरकणारा कॅनव्हास, काचेच्या भिंती आणि कुंचला बोटांत देणारे आप्तांचे हात, ही सर्व साधने तशी साधीच होती. पण त्यांच्याच बळावर जवळजवळ तीस वर्षांच्या आजारातून शेकडो प्रसन्न चित्रे जगाला मिळाली.